कावळा शिवला आणि साडू अडकले

माझ्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही चूक केलेली नाही, असं ते स्वतः सांगतात आणि गंमत म्हणजे ते खरं आहे. चुका त्यांच्या हातून होतात, तुमच्या-आमच्यापेक्षा अंमळ जास्तच होतात. पण आपण जसं "माफ करा हं" म्हणून काढता पाय घेतो, तसं करणं त्यांच्या रक्तातच नाही. झालेली चूक बरोबर ठरेपर्यंत हा माणूस तिचा पिच्छा सोडत नाही. एकदा देवळ्याला साखरपुड्याला निघालेले हे गृहस्थ बसमध्ये डुलकी लागल्यामुळे थेट नामपूरला जाऊन उतरले. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून परतीची गाडी धरली असती. हे तडक कांदा मार्केटात शिरले, गोणीभर कांदा घेतला आणि घरी येऊन ती गोणी उंबऱ्यात टेकवत बायकोला म्हणाले, "नामपूरलाच जायचं होतं मला. साखरपुड्याचं काय, लग्नात भेटतीलच सगळे." त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. त्या बिचाऱ्या कितीतरी दिवस दारात येईल त्याला कांदे वाटत होत्या.

त्यातून साडूंना चष्मा आहे, पण तो खिशात बाळगायचा दागिना आहे अशी त्यांची समजूत. माणूस ओळखायला तोंड बघावं लागत नाही, पाठ पुरते, हा त्यांचा सिद्धांत. गंगापूर रोडवर त्यांनी एकदा अशाच एका पाठीवर सणसणीत थाप मारली, "काय अण्णा, ओळख विसरलात का?" पाठ वळली तर भलतंच तोंड. मी लाजेनं पानाच्या टपरीमागे सरकलो. साडू मात्र जागचे हलले नाहीत. त्या गृहस्थांचं गाव, गोत्र, मुलंबाळं सगळं विचारून घेतलं, त्यांना ओढून मिसळ खायला नेलं, आणि तासाभरानं दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले. ते गृहस्थ आता दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतात. कशी जिरवायची अशा माणसाची, तुम्हीच सांगा!

पण या श्रावणात त्यांनी जो घोळ घातला, त्यापुढे हे सगळं किरकोळ. पाटबंधारे खात्यातले त्यांचे जुने सोबती नाना वारले होते आणि त्यांच्या दशक्रियेला आम्ही दोघं गंगेवर, म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीच्या घाटावर, गेलो. नेहमीप्रमाणे माझ्या स्कूटरवर, साडू मागे. त्यांना घाटाशी उतरवून मी गाडी लावायला गेलो, तीच चूक झाली. घाटावर एका वेळी चार घरांचे विधी चाललेले असतात. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, सगळ्यांच्या पाठी सारख्याच वाकलेल्या. फोटोला इतका जाड हार की आतल्या माणसाचं जेमतेम कपाळ दिसावं. साडूंनी एक पाठ पसंत केली आणि जाऊन बसले.

मी पोचलो तेव्हा पिंड ठेवून झाला होता आणि कावळा काही शिवत नव्हता. कावळे होते, कठड्यावर रांगेनं बसले होते, पण एकही खाली येईना. मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, घराचा हप्ता मी भरीन." भाऊ म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो रे." ढिम्म. गुरुजी घड्याळाकडे बघत दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलू लागले. तेवढ्यात आमचे साडू उभे राहिले आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गड्या, वहिनींना गाडी शिकवायची राहिली म्हणून अडलास ना? मी शिकवतो. तू जा निवांत. हा माझा शब्द!"

आणि काय सांगू, कावळा आला. आला, पिंडाला शिवला आणि भात घेऊन गेला.

लोकांनी सुस्कारे सोडले. मी हार जरा बाजूला करून फोटो पाहिला आणि माझा सुस्कारा घशातच अडकला. फोटोतल्या माणसाला झुपकेदार मिशा होत्या. आमच्या नानांना जन्मात कधी मिशी नव्हती. मी साडूंच्या कानाला लागलो, "अहो, हे आपले नाना नाहीत!" साडूंनी चष्मा काढला, लावला, फोटो पाहिला, चष्मा परत खिशात ठेवला. म्हणाले, "कावळा शिवलाय ना? मग आता तो कुणाचा का असेना. शब्द देऊन झाला." पलीकडच्या रांगेत नानांच्या पिंडाला कावळा केव्हाच शिवून गेला होता, नाना तसे समाधानी गृहस्थ. आणि ज्यांना गाडी शिकवायचं नाना नेहमी बोलत, त्या नानांच्या मंडळी सुनेकडून कधीच गाडी शिकल्या होत्या, हेही आम्हाला तिथंच कळलं.

इकडे तो मुलगा गोंधळून साडूंना विचारत होता, "काका, तुम्ही बाबांचे कोण? बाबांनी तर आईला कधी गाडीला हातसुद्धा लावू दिला नाही." मी पुढे होऊन दिलगिरीला सुरुवात केली, तोच बायकांच्या घोळक्यातून त्याची आई उठली. बारकुडी बाई, डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "राहू दे. तुम्ही सगळे सकाळपासून शब्द देऊन राहिले, एकाला तरी शिवला का? माणूस चुकून आला असंन. कावळा नाय चुकत."

प्रकरण पुढे कळलं ते असं. मुलगा नोकरीला पुण्यात. बाईंचं घर गंगापूर रोडच्याही पुढे, नव्या वस्तीत. तिथं रिक्षा येत नाही, भाजी आणायची तरी कुणाच्या तरी मागे बसावं लागतं. त्यामुळे घराला कुलूप लावून आईला पुण्याला न्यायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. बाईंना जायचं नव्हतं. त्या घराच्या विटांवर त्यांनी स्वतः पाणी मारलं होतं. मुलगा वाईट नव्हता हो, घाबरलेला होता. शेवटी म्हणाला, "दिवाळीला येतो. तोवर तू एकटी गाडीवर बाजार करून आणायला लागलीस तर राहा इथंच. नाही तर मुकाट्यानं चलायचं."

घरी येताना मी साडूंना म्हणालो, "सगळं ठीक आहे, पण तुम्हाला स्वतःला कुठं येते गाडी?" मागून शांत उत्तर आलं, "तुम्ही आहात ना!"

झालं. संध्याकाळी मैदानावर मी साडूंना शिकवायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच मागे बसून जाऊन साडू ती विद्या बाईंना त्यांच्या यजमानांच्या स्कूटरवर द्यायचे. एकही धडा शिळा झाल्याशिवाय तिकडे पोचत नसे. साडूंना ब्रेक दाबायच्या आधी "थांब" म्हणायची सवय. गाडी काही त्यांचं ऐकायची नाही, आणि ते कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाला जाऊन टेकायचे. "कुंपणंच फार झालीत नाशकात," असं उठताना म्हणायचे. बाईंना मात्र शिकवताना असा आव आणायचे की जसा काही जन्मच स्कूटरवर गेला. बाईंची नणंद एकदा येऊन बोलून गेली, "वर्षश्राद्धाच्या आत का कुणी गाडी शिकतं? लोक काय म्हणतील?" साडू तिला म्हणाले, "लोकांना विचारू नका, तुमच्या भावाला विचारा. त्यांचीच इच्छा आहे."

मग पितृपक्षात बाई पडल्या. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला. त्यांनी गाडीवर चादर टाकली आणि म्हणाल्या, "बस झालं भावजी. माझ्या नशिबी नाय ते. भरते बॅगा." मी मनात म्हटलं, सुटलो. पण दुसऱ्या सकाळी साडू माझ्या दारात हजर. त्या दिवशी ते बाईंच्या ओट्यावर मांडीवर हेल्मेट घेऊन नुसते बसून राहिले. पुढच्या दिवशीही, त्याच्या पुढच्या दिवशीही. बाई रागावल्या, चहा देईनाशा झाल्या. साडू म्हणाले, "वहिनी, शब्द मी तुम्हाला दिलेला नाही, त्यांना दिलाय. तेव्हा तुम्हाला नको म्हणता येणार नाही." बाईंनी दार लावून घेतलं. आत बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता. मग दार उघडलं, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं चादर ओढून काढली.

दिवाळीला मुलगा आला. आम्हीही फराळाचं निमित्त करून गेलो होतो. बाईंनी पदर खोचला, पिशवी हुकाला अडकवली आणि निघाल्या. साडू गाडीमागे चार पावलं पळाले, सीट धरल्यासारखा हात पुढे करून. मग थांबले.

बाई लवकर आल्या नाहीत. मुलगा येरझारा घालू लागला, फोन लावू लागला. फोन घरातच वाजला. तो साडूंवर खेकसला, "काही झालं ना, तर तुम्ही जबाबदार!" साडूंनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. अखेर लांबून हॉर्न ऐकू आला. बाई आल्या, गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. पिशवी रिकामी.

"आई, भाजी कुठंय? कुठं होतीस इतका वेळ?"

"भाजी राहिली," बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ थरथरत होते आणि हसतही होते. "बाजार मागं गेला, मी पुढंच जात राहिले. पार द्राक्षाच्या मळ्यांपर्यंत. जलमभर कुठं निघायचं तर कुणाला तरी इचारून, कुणाच्या तरी मागं बसून. आज म्हटलं, जरा नुसतंच जाऊ."

मुलानं खाली वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कुलपाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

परतताना साडूंना घरापाशी उतरवताना मी म्हटलं, "चला, शब्द पुरा झाला तुमचा. उद्यापासून आपली झोप आपल्याला." ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर साडू फाटकाशी उभे. हातात हेल्मेट. "सवय," ते म्हणाले आणि ओशाळून हसले. मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला. ते बराच वेळ ते हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते.