माहीतगार साक्षीदार

वडील, आमचे बापू, गेले तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि मी नगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आई आधीच गेलेली. मागे राहिलो मी आणि दादा. दादा पोटचा नव्हे. दुष्काळात कुणीतरी चर्चच्या पायरीवर सोडलेलं ते पोर वडिलांनी घरी आणलं, बाप्तिस्मा देऊन आपलं नाव लावलं. मी त्यानंतरची. खर्ड्याकडची आमची जमीन त्यानंच कसली, वडिलांचं शेवटचं दुखणंही त्यानंच काढलं. मी सुट्टीत जाऊन हुरडा तेवढा खाऊन यायची.

नगरच्या वकिलांनी मला समजावलं. हिंदूंत दत्तक मुलगा पोटच्यासारखाच वारस. आपल्या ख्रिस्ती लोकांचा कायदा इंग्रजी वळणाचा. त्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची, पण दत्तकाला जागाच नाही. मृत्युपत्र असतं तर गोष्ट वेगळी. वडील 'जमीन दोघांची' असं हजारदा म्हणाले होते, पण कागदावर एकदाही नाही.

लेकीला जमीन मिळते याचा मला कोण अभिमान! शेजारणींपुढे मी त्या कायद्याचे गोडवे गायले. तो कुणाच्या ताटातलं काढून मला वाढतोय हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. जमीन वाट्यानं दादालाच करायला देईन, अशी मनाची समजूत घातली आणि गप्प बसले.

मी एकुलती एक वारस, हे कचेरीत सांगायला घरचा माहीतगार साक्षीदार हवा होता. मी दादालाच बोलावलं. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच. बिचारा धुवट सदरा घालून, माझ्यासाठी शेंगा घेऊन आला.

कारकुनानं विचारलं, "वडिलांचं नाव?"

जन्मभर दादानं एकच नाव सांगितलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"ठाव न्हाई, सायेब," तो म्हणाला.

मग त्यानं सही केली. ती लहानपणी मीच त्याला पाटीवर गिरवून शिकवली होती. आज तिच्यातलं वडिलांचं नाव त्यानं गाळलं.

बाहेर आल्यावर त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली. थोडं चालल्यावर म्हणाला, "बाय, एक इचारू? बापूंच्या कबरीवरचं गवत म्या काढत हुतो. आता काढू का नको?"

"काढ की," मी म्हणाले. जमिनीबरोबर कबरही माझ्याच नावावर झाल्यासारखी मी त्याला परवानगी दिली.