आण्णांचा उजवा हात

मी सांगलीत घरच्या घरी कॉम्प्युटरवर शाळांच्या गॅदरिंगसाठी ट्रॅक बनवते. ढोलकी, बासरी, व्हायोलिन, म्हणाल ते वाद्य माझ्याकडे आहे. वाजवणारा मात्र एकही नाही. आण्णा, म्हणजे माझे वडील, याला "डब्यातलं संगीत" म्हणायचे. लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन ते साताऱ्यात राहिले. बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे, पण खरा जीव ऑफिसर्स मेसमधल्या जुन्या पियानोवर. त्यावर त्यांनी स्वतःची एक धून बांधली होती. सुट्टीवर आले की तीच गुणगुणत घरभर फिरायचे.

गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला आणि गुणगुणणंही थांबलं. रेडिओ लावला तरी "बंद कर ते" म्हणून ओरडायचे. त्यांना असं गप्प बसलेलं बघून मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा. शेवटी ठरवलं, ती धून पियानोवर करून त्यांना ऐकवायचीच.

माझ्या कॉम्प्युटरमधला पियानो तसा गुणी. खऱ्या पियानोचा एकेक सूर रेकॉर्ड करून बनवलेला. बँडच्या माणसाला शिस्त आवडणार, म्हणून मी प्रत्येक सूर मोजून ठोक्यावर बसवला आणि स्वतःवरच खूश होत साताऱ्याची एसटी धरली.

आण्णांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"ही परेड झाली. पाय मिळवायचं काम आमी मैदानावर करत हुतो. पियानोवर बसायचो ते पाय मोकळं सोडाय."

"आवं, पण आवाज खरा वाटतोय का न्हाई?"

"आवाज लय झकास. पर वाजवतंय कोण? कुणीच न्हाई."

मला चांगलंच झोंबलं. पण बोलताना त्यांची डाव्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर चालत होती, तेवढं मी बघून ठेवलं.

पुढच्या खेपेला छोटा कीबोर्ड नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवला. "डावा हात तुम्ही वाजवा. उजव्या हाताचं नुसतं गुणगुणा, ते मी बसवते." कुरकुर करत, मला शिव्या घालत ते वाजवू लागले, गुणगुणू लागले. कुठे रेंगाळले, कुठे घाई केली, एका जागी चक्क चुकले. या वेळी मी काही म्हणजे काही सरळ केलं नाही. उजव्या हाताचे सूर त्यांच्या गुणगुणण्यामागून जसे येतील तसे ठेवले आणि तिथेच, त्यांच्या शेजारी बसून, सगळं वाजवून दाखवलं.

आण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"डावा माजा हाय," ते म्हणाले. "उजवा कुणाचा?"

"तुमचाच. तुम्ही गुणगुणलात तसाच."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग डाव्या हाताने तो उचलला, कीबोर्डवर नीट ठेवला आणि म्हणाले, "चल, आता दुसरी धून घे."

"दुसरी? अजून हाय व्हय?"

"लय हायत. तू कवा इचारलंस?"