देव्हाऱ्यातल्या गोळ्या

वहिनी गेल्या त्या दुपारी मी मागच्या पडवीत फणसाचे गरे काढत बसले होते. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "शैला, ती गेली गो... गोळी मीच दिली होती." महिना उलटून गेला, पण ते दुसरं वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ, भाऊजींची बायको. मांडवीच्या या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच स्वयंपाकघरात भांडलो. माझं कालवण चाखून त्या म्हणायच्या, "अगो, मीठ घातलंस की अख्खा समुद्र?" कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता घरी न्या, सेवा करा." आपल्याकडे या वाक्याचा एकच अर्थ घेतात. गाडी दारात लागायच्या आत आळीभर झालं, डॉक्टरांनी हात टेकले! मग पॅलिएटिव्ह केअरची सिस्टर घरी यायला लागली. आजार बरा होणार नव्हता, निदान वेदना तरी आवरायच्या, हे तिचं काम. तिने मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या आणि भाऊजींना दोनदा बजावलं, वेळच्या वेळी द्या, दुखायची वाट बघू नका. भाऊजींनी मान डोलावली आणि गोळ्या नेऊन ठेवल्या देव्हाऱ्यात, गंगाजलाच्या गडूशेजारी. का, तर दोन्ही शेवटच्या घटकेलाच तोंडात घालायची!

त्या दिवसांतलं वहिनींचं कण्हणं... माणसाचं वाटायचं नाही. पाठीवरून हात फिरवायला गेले तर "नको, नको" म्हणून ओरडायच्या. अजून दार करकरलं तरी वाटतं, आतून त्याच कण्हतायत.

शेवटी मी भाऊजींना धारेवर धरलं. ते रडवेले झाले. "ते औषध सुरू केलं की माणूस उरत नाही. माझ्या हाताने कसं देऊ गो?" वहिनींनी आतून ऐकलं आणि होता नव्हता तो जीव गोळा करून हाक मारली, "अहो, मी जिवंत आहे ना अजून? मग जिवंतपणीच द्या की!"

दिली. हळूहळू त्या उशीला टेकून बसायला लागल्या. पेज मागितली. मासेवालीला खिडकीतूनच सुनावलं, "बांगडे कालचे आहेत, मला शिकवू नको!" शेजारच्या काकू शेवटचं भेटायला म्हणून डोळे पुसत आल्या, तर त्यांनाच चहा टाकायला लावला. मला जवळ बसवून म्हणाल्या, "मला हिरवी साडी नेसवा हं. लाल मला कधी शोभली नाही." आंब्याचा हंगाम सरेपर्यंत असंच चाललं, आणि प्रत्येक गोळी भाऊजींच्याच हातून.

सिस्टर नंतर येऊन बोलली, "काका, त्या आजाराने गेल्या, गोळीने नाही." मीही सांगते, सांगून सांगून चिडते. "अहो, त्याच गोळ्यांवर त्या एवढे दिवस हसल्या-बोलल्या, विसरलात?" भाऊजी "हो हो" म्हणतात आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहतात.

परवा माझं डोकं चढलं होतं. म्हटलं, "भाऊजी, फडताळातली ती साधी डोकेदुखीची गोळी द्या हो," आणि हात पुढे केला. त्यांनी गोळी टेबलावर ठेवली, पाण्याचा पेला शेजारी ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"तुझी तूच घे," म्हणाले.