मायचा फोन वैशूलाच का आला?

आत्मा, संकेत वगैरे सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे. आजही कोणी असलं काही काढलं की मी विषय बदलते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

आम्ही रिसोडजवळचे, भाजीपाला लावणारे. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, सासर गावातच, म्हणून मायचं सगळं माझ्याकडे. धाकटी वैशू नागपूरला नोकरीला. दिवाळीला दोन दिवस यायची आणि माय तेवढ्यावर वर्षभर खूश. मी रोज डबा घेऊन जायचे, तर झाकण उघडता उघडता म्हणायची, "वैशू जेवली असन का वं?" खरं सांगते, जळायचे मी.

मागच्या वर्षी वाशिमच्या एका खाजगी दवाखान्यात मायचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, चहा प्यायली. दुपारी साडेतीनच्या सुमारास मी खाली मेडिकलच्या रांगेत असताना वैशूचा फोन आला. 

"ताई, मायपाशी जाय! तिले सुई देऊन राह्यले. ते सुई तिची नाही, बाजूच्या बाईची हाय म्हणते."

"कोण म्हणते?"

"मायच! आत्ता फोन आलता तिचा मले."

मायचा मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. सकाळपासून बंद, चार्जर घरी राहिलेला. मी काढून पाहिलासुद्धा — स्क्रीन काळी.

तेव्हाच मी धावत वर जायला हवं होतं. पण डोक्यात काय आलं, सांगते... तीन दिवस उशाशी मी बसलेली, आणि माय सांगणार वैशूला! "झोपेत बोलून राह्यली तू," म्हणून मी फोन कापला आणि रांगेतच उभी राहिले. दहा मिनिटं.

वर गेले तेव्हा माय गेली होती. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

तेरवीनंतर शेजारच्या कॉटवरच्या बाईंची सून शेलूबाजारला भेटली. सहज बोलून गेली, "त्या दिवशी आमच्या सासूची सुई राह्यलीच. सिस्टर म्हणे देली, पण आमच्याकडे कोणी आलंच नाही." वैशूनं मायच्या फाईलची नक्कल काढली. डॉक्टरांनी न लिहिलेलं एक इंजेक्शन त्यात वेगळ्याच अक्षरात चढवलेलं होतं. वकील म्हणाले, "ग्राहक आयोगात तक्रार होऊ शकते. पण सही तुमची पाहिजे ताई, तिथं तुम्ही होत्या."

मी दोन महिने सही केली नाही. लोकांना म्हणायचे, केस करून माय परत येणार आहे का? खरं कारण वेगळंच होतं. केस झाली की सगळे म्हणणार, वैशूमुळे कळलं. आणि मी खाली उभी का राहिले, हेही निघणार.

त्यात वैशूच्या मोबाईलवर मायचा कॉल दिसतच नव्हता. मोबाईल कंपनीकडून रेकॉर्ड मागवलं, त्यातही नाही. तिनं मला केलेला कॉल मात्र होता.

एका रविवारी ती तक्रारीचे कागद घेऊन आली. मी शेवटी विचारलंच, "माय... माह्याबद्दल काही बोलली का?"

तिनं कागद माझ्यापुढं सरकवले.

"नाही ताई. माहंच नाव घेतलं फक्त."

परत जळाले मी. पण माझी खात्रीही तेव्हाच पटली. मला बरं वाटावं म्हणून ती सहज खोटं बोलू शकली असती... नाही बोलली. मी पेन मागितला. तक्रारीत त्या दहा मिनिटांचंही लिहायला लावलं.

तारखा सुरू आहेत. बंद मोबाईलवरून फोन कसा लागला, याचं उत्तर वकिलाकडे नाही, कंपनीकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. आणि तो मला का आला नाही, हे जिला विचारावं, ती राहिली नाही.