हा फटका कुणाचा?

घरात मी प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिली आहे. ह्यांच्या गोल्फच्या बॅगेतही जाड डोक्याच्या लांब काठ्या, म्हणजे वुड, वरच्या कप्प्यात आणि पातळ पात्याच्या, म्हणजे आयर्न, खालच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे खेळच सोडायचं म्हणू लागले, म्हणून मी हायब्रिड आणली. ती धड वुडही नाही, आयर्नही नाही.

काल ह्यांचा चेंडू उंच गवतात रुतला. हायब्रिडचं वजन तळाशी आणि मागे असतं, त्यामुळे बेताच्या फटक्यानेही चेंडू वर उचलला जातो. तसाच तो उठला आणि थेट खड्ड्यावरच्या झेंड्याजवळ जाऊन थांबला. मी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी मात्र हातातल्या हायब्रिडकडे बघून तोंड वाकडं केलं.

"आता काय झालं?"

"हा मी मारला की तुझ्या त्या काठीनं?"

"मग चष्मा लावून पेपर कोण वाचतं, चष्मा?"

"ते वेगळं."

का वेगळं, ते त्यांना सांगता येईना आणि मला खोडता येईना. मदत नेमकी किती झाली की आपलं करणं आपलं राहत नाही?

ह्यांनी त्याच गवतात दुसरा चेंडू टाकला आणि जुनी आयर्न मागितली. द्यावी की नाही, ठरेना. शेवटी दिली, आणि चेंडूऐवजी त्यांच्या गुडघ्याकडे बघत उभी राहिले.