जावेच्या गळ्यातलं माझं दुःख

माझी तरुण लेक तापाचं निमित्त होऊन गेली. आई मी होते, पण रडण्याचं दान देवानं माझ्या धाकट्या जावेला दिलं, असं मला सारखं वाटे. माझ्या डोळ्यांना पाणीच येत नव्हतं. हात जोडले तरी प्रार्थना उमटत नसे, नुसती तुलना चाले. तिला काय मिळालं, मला काय नाही.

लकडगंजातल्या आमच्या मंदिरात गुरुवारी बायकांचं भजन असतं. जाऊ पेटी घेऊन बसायची आणि माझी लेक गेल्यावर स्वतः बांधलेलं एक गाणं म्हणायची. कृष्ण गोकुळ सोडून गेल्यावरही त्यातली यशोदा रोज संध्याकाळी लोण्याची वाटी मांडून ठेवते. जावेचा आवाज असा कातर व्हायचा, की बायका डोळ्यांना पदर लावत. भजन संपलं की तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत, "लय जीव होता वं तुहा त्या पोरीवर." मी तिथंच बसलेली असे. लेक माझी, आणि सांत्वन हिचं. एका गुरुवारी तर हिचा गळा बसू दे, असं मी देवाकडे चक्क मागितलं.

त्याच दिवशी शेजारी एक अनोळखी म्हातारी येऊन टेकली. कुही गावाची होती. लेकीला भेटून परत निघाली होती, बसला वेळ होता. गाणं सुरू झालं. सगळ्या गाणारीकडे बघत होत्या, ही माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "तुह्यं कोन गेलं वं माय?"

मला हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. "लेक," मी म्हणाले. तिनं माझा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि मी त्या भरल्या मंदिरात हंबरडा फोडला.

पेटी थांबली. जाऊ धावत आली, माझ्यापुढं बसली. "तुमाले माह्या गाण्याचा राग येते ताई, मले समजते. पन घरात तिचं नाव काढलं का तुम्ही उठून जाता. मंग मी कुठी रडू?"

मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गाणं पुरं म्हण." तिनं म्हटलं. मी तिला टेकून ऐकलं. त्या दिवशी यशोदा मीच होते, आणि तीही होती.

म्हातारी केव्हा उठून गेली, कळलं नाही. तिला कुणी पाठवलं, याचा वाद मी घालत नाही. मागितलं ते देवानं दिलं नाही, हे मात्र त्याचे उपकार. बायका जावेला जवळ घेतात तेव्हा अजूनही थोडं टोचतं. तेही आता त्याच्याच पायाशी ठेवते.

घरी आल्यावर जावेनं चहा टाकला. मी ओट्यापाशी उभी राहिले, आणि आपसूक तोंडून निघालं, "आपल्या मीनूला साखर जास्त लागायची, नाही?"