पाणी निवळायच्या आधी

आमच्या आत्याला अख्खी वस्ती बाटलीबाई म्हणते. नवख्या माणसाच्या भुवया वर जातात. मग कोणीतरी समजावतं की बाटल्या पाण्याच्या असतात, आणि तेही ओढ्याच्या.

आत्या पाणी खात्यात नमुने गोळा करते. ओढ्यात उतरायचं ते प्रवाहाकडे तोंड करून आणि खालून वर सरकत जायचं, म्हणजे पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. बाटली त्याच पाण्याने विसळायची, भरायची, चिठ्ठी डकवून बर्फाच्या पेटीत ठेवायची. हे सगळं चालू असताना ती पाण्याला दटावते, लहान मुलाला न्हाऊ घालताना दटावावं तसं. हललंस? थांब जरा. झालंच हं.

पाऊस पडला की मात्र ती जायची नाही. पाणी निवळू द्यायची. गढूळ पाण्याने प्रयोगशाळेतली गाळणी तुंबते, आणि तिथला तपासनीस नाकातल्या नाकात कुरकुरतो की बाई, नमुना आणलाय की चिखल? आत्यालाही आपल्या स्वच्छ बाटल्यांचा अभिमान होता. फोटोला बसण्याआधी माणूस तोंड धुतो, तसा ओढा कायम तोंड धुऊनच तिच्यापुढे यायचा. अहवाल दर वेळी चांगला.

आणि तरी यंदा पुलाखाली शेवाळ माजलं, मासे पोटं वर करून तरंगले.

वस्तीला चोर लगेच सापडला. ओढ्यात उघड्यावर येणारा पाइप एकच, गॅरेजवाल्या पानाकाकांचा. काकांच्या खिशात पाना असतो आणि तोंडात "होऊन जाईल". गॅरेज बंद करा, असा अर्ज वस्तीच्या समितीच्या अध्यक्षांनी तयार केला. अध्यक्षांचं प्रत्येक वाक्य "म्हणजे कसं की" ने सुरू होतं, आणि कसं ते शेवटपर्यंत कळत नाही. फक्त बाटलीबाईंचा नवा अहवाल जोडायचा बाकी होता. पानाकाका आमच्या दारात आले, पाना या हातातून त्या हातात करत उभे राहिले. "होऊन जाईल" म्हणाले नाहीत. धाकटीचं लग्न ठरलंय एवढंच सांगून गेले.

दोन दिवसांनी भरदुपारी पाऊस धो धो कोसळला. आत्या खिडकीशी उभी होती. रस्त्यावरून तांबूस लोंढा गटारात शिरत होता आणि गटार ओढ्यात. बराच वेळ ती बघत राहिली. मग बूट चढवले, पेटी उचलली. अण्णा, म्हणजे तिचे वडील आणि माझे आजोबा, म्हणाले की अगं, निवळू दे की. ती गेलीच.

पुलापासून वर वर जात तिने प्रत्येक गटाराच्या तोंडाशी बाटली भरली. गॅरेजच्या खाली, गॅरेजच्या वर, आमच्या गल्लीपाशी, पार अध्यक्षांच्या बंगल्यापर्यंत. तपासनिसाने बाटल्या पाहून कपाळाला हात लावला. निकाल आला तेव्हा कुरकुरला नाही. शेवाळाला पोसणारं खत आणि साबण गॅरेजच्या कितीतरी वरूनच येत होतं, थोडं इथून, थोडं तिथून.

सभेत आत्याने ते सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे कसं की, थोडं थोडं नको, एक नाव सांगा.

"एक नाव नाही," आत्या म्हणाली. "गाड्या धुतलेलं पाणी आहे, गोठ्याचं आहे. आमच्या गल्लीचं गटार आहे, त्यात आमच्या अण्णांच्या हिरवळीचं खत आहे. आणि पाऊस पडला की पाणी निवळेपर्यंत घरी बसणारी मी आहे."

अण्णा पहिल्या रांगेत होते. आजी गेल्यापासून त्यांनी जीव लावला तो त्या हिरवळीलाच. खताची मूठ ते आशीर्वाद दिल्यासारखी सोडत. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मागून पानाकाका उठले आणि म्हणाले की थोडं तेल माझंही आहे, ते अडवायला खड्डा करून घेतो. अर्ज अध्यक्षांच्या पिशवीत परत गेला.

घरी अण्णा एवढंच बोलले, "चारचौघांत."

"हो, अण्णा," आत्या म्हणाली.

त्यानंतर ताट वाढलं तरी ते तिच्याकडे बघेनात. खताच्या पोत्याचं तोंड मात्र सुतळीने आवळलेलं दिसलं. हिरवळ कडेकडेने पिवळी पडत गेली, आणि अण्णांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

पुढचा पाऊस झाला. आत्या ओलीचिंब परतली, निकाल आले, तिने ते टेबलावर ठेवले. भिंतीकडे तोंड करूनच अण्णांनी विचारलं, "आपल्या गटाराचं काय?"

"कमी झालंय."

"आणि पुलाखाली?"

"तिथे फारसा फरक नाही. वरच्यांचं येतंच आहे ना."

अण्णा उठले, काठी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि वरच्या अंगाला, अध्यक्षांच्या बंगल्याकडे चालू लागले.